गोल आईचा, चौकोन आजोबांचा

शामराव गमरे यांची सारी नोकरी शिवडीच्या एका गोदामात गेली. काम मार्का मारण्याचं. बाहेरगावी जाणाऱ्या पेट्यांवर आणि गाठींवर मालाच्या धन्याची खूण उमटवायची. खूण म्हणजे एखादा आकार आणि त्याच्या पोटात दोन अक्षरं. कुणाचा गोल, कुणाचा त्रिकोण, तर कुणाची शंकरपाळीसारखी तिरकी चौकट. शामराव पत्रा कापून साचा बनवत, तो पेटीवर दाबून धरत आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवत. थप्पी लावणाऱ्या हमालांत पुष्कळांना अक्षरं वाचता येत नसत, पण आकार सगळ्यांना कळे. मुकादम पेटीकडे बोट करून "हा कोणाचा?" एवढंच ओरडायचा, आणि पेटी बरोबर त्या धन्याच्या थप्पीला जाऊन लागायची. आकाराला म्हणतात काय, हे तिथे कधी कुणी कुणाला विचारलं नाही. गरजच पडली नाही.

माणूस अबोल. घरी आले की हातावरचा रंग घासलेटने काढायचा, जेवायचं आणि गॅलरीत बसायचं. मुलाचं शिक्षण, आजारपण, हट्ट सगळं बायकोने, सुंदराबाईने, पाहिलं. ती गेल्यावर परळच्या चाळीतल्या त्या खोलीत शामराव, मुलगा संघर्ष, सून प्रिती आणि नात नूपुर एवढीच माणसं उरली. नूपुर दोन वर्षं पूर्ण करून तिसऱ्यात लागली होती.

नूपुरला सांभाळायची प्रितीची आई. प्रिती इस्पितळात रक्ततपासणीच्या खात्यात, संघर्ष अंधेरीला ऑफिसात. सकाळी मुलीला शीवला आईकडे सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, असं चाललं होतं. पण दिवाळीच्या तोंडावर प्रितीची आई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. प्रितीने रजा टाकली. रोज सकाळी शीवला जाऊन आईचं करायचं आणि दुपारी परत यायचं.

"रजा संपली की काय करायचं?" एका संध्याकाळी तीच म्हणाली. "आमची सीमाताई म्हणतेय, बदलापूरला माझ्याकडे ठेव. तिची मुलं मोठी झालीत, ती घरीच असते. शनिवारी आणायची, रविवारी पोचवायची."

म्हणजे पोर घरात पाहुणीसारखी. शामरावांनी ताटातून मान वर केली. "मी आहे की घरात."

संघर्षला हसू आलं. "बाबा, तुम्ही? मला तरी कधी कडेवर घेतलेलं आठवतंय का?"

तो थट्टेतच बोलला होता, पण शामरावांचा घास तोंडात फिरायला लागला. आठवत नव्हतं हेच खरं.

प्रितीने नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मग म्हणाली, "बघू या ना. मी सकाळी शीवला जाते तेवढा वेळ ती तुमच्याजवळ राहू दे. माझी रजा संपेपर्यंत रुळली तर उत्तमच. नाही तर ताई येऊन घेऊन जाईल."

"बघू," शामराव म्हणाले. तो होकार होता. त्यांचा होकार तेवढाच असे.

सुरुवातीचे दिवस काय सांगावेत! प्रितीने चपला पायात घातल्या की नूपुरचा भोंगा सुरू. शामरावांनी बिस्किट पुढे केलं, तिने ते भिंतीवर भिरकावलं. त्यांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, ती आणखी घाबरली. बोबडं बोलणं त्यांना जमेना. आपलाच आवाज ऐकून त्यांना लाज वाटायची.

शेजारचे अण्णा मालवणकडचे. त्यांचा कॅरम गॅलरीत आणि कान सगळ्या चाळीत. ते दारातून डोकावले. "काय शामराव, मारतंस काय तिका?"

"नाही हो. ती आपोआपच रडतेय."

"तुझा थोबाड बघून! जरा हास मरे."

शामराव हसले. नूपुरने ते पाहिलं आणि रडण्याची पट्टी एकदम वर गेली.

अण्णा म्हणाले, "नको, नको, हासू नको," आणि परत कॅरमकडे वळले.

त्या दिवशी हरल्यासारखे होऊन शामराव खिडकीशी जाऊन बसले. तिथे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. जाड पुठ्ठा, टाकवत नाही आणि उपयोगही नाही. रिकाम्या हातांना काहीतरी पाहिजे म्हणून त्यांनी कात्री घेतली. वाटी उपडी ठेवून पेन्सिल फिरवली आणि गोल कापला. मग एक चौकोन. मग त्रिकोण आणि एक शंकरपाळी. इतकी वर्षं पत्रा कापलेला हात, पुठ्ठा त्याला लोण्यासारखा. कापताना ते खाली मान घालून बसले होते. नातीकडे बघायची त्यांना आता भीतीच वाटत होती.

थोड्या वेळाने रडणं थांबलं. कात्रीचा कचकच आवाज ऐकत नूपुर बसल्या बसल्या सरकत जवळ आली होती. शामरावांनी पाहिलं नाही. ती आणखी सरकली. एक लहानसा हात पुढे आला, गोल उचलला आणि मागे गेला.

काहीतरी बोलायला हवं होतं. शामरावांच्या तोंडून जे निघालं ते शिवडीचं निघालं.

"हा कोणाचा?"

नूपुरने विचार केला. तिने तो गोल कपाळाला लावला, जशी आई आरशासमोर टिकली लावते तसा. "आईचा."

"बरं. आणि हा?" त्यांनी त्रिकोण पुढे केला.

ते तिला ठाऊक नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच न रडता पाहिलं.

"हा पप्पांचा असू दे," शामराव म्हणाले. "चौकोन माझा. आणि ही शंकरपाळी तुझी."

तिथून घराचं गोदाम झालं. शामरावांनी मैद्याची खळ शिजवली आणि दोघांनी मिळून सगळीकडे मार्के चिकटवले. कपड्यांच्या खुंट्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, फडताळाच्या कप्प्यांवर. आईच्या खुंटीवर गोल, पप्पांच्या खुंटीवर त्रिकोण. धुतलेले कपडे आले की नूपुर मधोमध उभी राहायची. शामराव एकेक कपडा उचलून मुकादमाच्या थाटात विचारायचे, "हा कोणाचा?" ती तो ओढत नेऊन बरोबर कप्प्यात कोंबायची. आजोबांचा बनियन चौकोनात, स्वतःची चड्डी शंकरपाळीत. चुकली तर स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायची. हे ती अण्णांकडून शिकली होती.

मग बटाट्याचे ठसे आले. बटाटा अर्धा चिरायचा, की गोल आयताच मिळतो. दुसऱ्या अर्ध्याच्या बाजू तासून चौकोन करायचा. बशीत नीळ कालवायची, ठसा बुडवायचा आणि जुन्या वर्तमानपत्रावर मारायचा. भांडी घासायच्या स्पंजचा त्रिकोण झाला, कारण कोपरे बटाट्यात नीट उतरत नव्हते. ठसा मारताना नूपुर जीभ बाहेर काढायची. शामरावही काढायचे, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

एका सकाळी प्रिती निघाली तेव्हा नूपुरने तळहात पुढे केला. "आईचा दे."

शामरावांनी त्या इवल्या तळव्यावर निळा गोल उमटवला. नूपुरने मूठ मिटली आणि आईला म्हणाली, "जा."

प्रिती जिन्यात थांबून कानोसा घेत राहिली. आतून रडणं आलं नाही. दुपारी परत आली तेव्हा ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, जादू केलीत की काय?"  त्या दिवशी शामरावांनी संघर्षच्या ताटात आपणहून भाकरी वाढली. संघर्ष बघतच राहिला.

चाळीच्या खाली बुद्धविहार आहे. त्याच्या सभागृहात पद्मजाताई सकाळची बालवाडी चालवतात. प्रितीला वाटलं, रजा संपायच्या आत नूपुरचं नाव तिथे घालावं. दोन तास बालवाडी आणि उरलेला वेळ आजोबा, म्हणजे त्यांनाही उसंत मिळेल. तिघं खाली गेली. शामरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. नात हुशार आहे, आकार तर तोंडपाठ आहेत, असं ते मनात घोकत होते.

"जयभीम काका, या." पद्मजाताईंनी नूपुरला सतरंजीवर बसवलं आणि पुढे लाकडी आकार मांडले. "बाळा, हे काय आहे?"

"आईचा," नूपुर ठणकावून म्हणाली.

पद्मजाताई हसल्या. "आईचा? बरं, आणि हे?"

"पप्पांचा. हा आजोबांचा."

"हो का! आणि याला म्हणतात काय?"

नूपुरला प्रश्नच कळला नाही. याला आणखी काय म्हणायचं? तिने आजोबांकडे पाहिलं. शामराव सदऱ्याच्या बटणाशी खेळत होते.

तेवढ्यात शेजारच्या अर्णव नावाच्या मुलाने हात घालून लाकडी गोल उचलला. नूपुर किंचाळलीच. "माझी आई! माझी आई दे!" तिने त्याच्या हातातून गोल ओढला, तो देईना, तर तिने त्याला ढकलून दिलं. अर्णव पडला आणि रडायला लागला. मग तिनेही भोकाड पसरलं. तिचं ते जुनं रडणं. आई समोर उभी होती, तरी लाकडाच्या गोलासाठी ती हंबरत होती.

पद्मजाताईंनी दोघांना शांत केलं. "होतं असं पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या.  पण वर खोलीत आल्यावर प्रिती बसली आणि तोंडावर हात फिरवत म्हणाली, "बाबा, तुम्ही मनापासून केलंत, मला कळतंय. पण हे काहीतरी भलतंच बसलंय तिच्या डोक्यात. घड्याळ दिसलं तरी आई, ताटली दिसली तरी आई. शीवला आईकडे नेलं तेव्हा पंख्याकडे बघून आई म्हणाली. मला तेव्हा गंमत वाटली होती." तिने नूपुरला मांडीवर ओढलं. "ताई रविवारी येतेय. मी अजून नको म्हटलेलं नाही तिला."

शामरावांना म्हणायचं होतं की मी सुधारतो, मला थोडे दिवस दे. पण त्यांनी उठून सदरा काढला आणि खुंटीला अडकवला. आपण पोरीला शिकवलं नाही, बिघडवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. ज्या गोदामात अख्खा जन्म गेला, तिथलंच तेवढं आपल्याला येतं, आणि तेच आपण या कोवळ्या जिवावर छापलं.

दुसऱ्या दिवशी प्रिती शीवला गेल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने सगळे मार्के काढून टाकले. खुंट्या मोकळ्या झाल्या. नूपुर मधोमध उभी राहून बघत होती. मग ती आईच्या खुंटीखाली गेली, वर बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई गेली?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुंटीखाली बसून राहिली.

शामरावांनी तिला उचललं. कडेवर घेतलं, सवय नव्हती म्हणून थोडं तिरकंच घेतलं, आणि तसेच तीन जिने उतरून खाली विहारात गेले. बालवाडी सुटली होती. पद्मजाताई सतरंजी झटकत होत्या.

"ताई, एक विचारायचं होतं." नूपुरला कडेवर सावरत ते म्हणाले.

"विचारा ना काका."

"मी घोटाळा करून ठेवलाय." आणि मग तो अबोल माणूस बोलला. पेट्या, हमाल, मुकादम, लग्नपत्रिका, तळहातावरचा निळा गोल, सगळं उलटसुलट सांगत गेला. नूपुर त्यांच्या खांद्यावर गाल टेकून ऐकत होती.

पद्मजाताईंनी सतरंजीची घडी घालून ठेवली. "खुणा काढून टाकल्यात ते मात्र चुकलं हं काका. तिचं घरच पुसल्यासारखं झालं तिला."

"मग काय करू?"

"लावा परत. तुमची चूक तेवढी नाही. गोल आईचा, हे तिला पक्कं कळलंय. फक्त गोल एकट्या आईचाच, असं झालंय तिचं. तुमच्या गोदामात एका खुणेचा एकच धनी असायचा, बरोबर? इथे तसं नाही. तुमचा तोच प्रश्न विचारा, फक्त त्याला एक शब्द जोडा. 'आणखी कोणाचा?' म्हणा. आणि तिला घेऊन फिरा. नाव शेवटी सांगा. घाई नाही."

त्याच दुपारी प्रिती आली तर खुंट्यांवर नवे, ओले मार्के होते आणि घरात कुणी नव्हतं. गॅलरीच्या टोकाकडून अण्णांचा आवाज येत होता.

"अगो, ती राणी ठेव! तिच्याशिवाय खेळ कसो होतलो?"

नूपुरच्या हातात कॅरमची लाल सोंगटी होती आणि शामराव शेजारी पुठ्ठा, पेन्सिल आणि कापडी पिशवी घेऊन उभे होते.

"नूपुर, गोल कोणाचा?"

"आईचा."

"आणखी कोणाचा?"

नूपुरने सोंगटीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढून तिच्यापुढे धरला. जुन्या पद्धतीचा, गोल काचांचा. तिने ठशांच्या निळीने माखलेलं बोट काचेवर फिरवलं आणि अख्ख्या काचेवर नीळ लावून ठेवली.

"अण्णांचा," ती दबक्या आवाजात म्हणाली, जणू काही गुपित सापडलं.

"हो. माझोच," अण्णा म्हणाले. "आता माका दिसना नाय, पण माझोच."

प्रिती दाराआड तशीच उभी राहिली. पुढे गेली नाही.

पुढचे दिवस ही वरात रोज निघाली. कुणाच्या दारात बरणीचं झाकण मिळालं, कुणाकडे बांगडी. शेजारणीने पापड लाटता लाटता एक कच्चा पापड तिच्या डोक्यावर टोपीसारखा ठेवला. मिळेल ती गोल वस्तू पुठ्ठ्यावर ठेवायची आणि भोवती पेन्सिल फिरवायची. नूपुरची पेन्सिल पळायची, शामरावांचा हात तिच्या हातावर. मग कापायचं आणि आत त्या घरच्या माणसाचे नाक-डोळे काढायचे. चौकोन तर चाळीत ढिगाने. खिडक्या, कॅरम, आजोबांची उशी. त्रिकोण शोधायला मात्र दमछाक झाली. शेवटी विहारावर लावायच्या पताकांची माळ सापडली, आणि नूपुर बोट नाचवत ओरडली, "पप्पा, पप्पा, पप्पा, पप्पा!" मग आपणच थबकली. "आणखी विहाराचा."

"याला त्रिकोण म्हणतात," शामराव म्हणाले.

"तिकोण," नूपुर म्हणाली, आणि पुढच्या दाराकडे निघाली. नाव तिने खिशात टाकल्यासारखं सहज घेतलं होतं.

बालवाडीत ती पुन्हा जाऊ लागली. अर्णवने गोल घेतला तेव्हा तिने ओठ काढले, पण म्हणाली, "अर्णवचा पण." पद्मजाताईंनी हे संध्याकाळी प्रितीला गॅलरीखालून ओरडून सांगितलं, म्हणजे ते सगळ्या चाळीला कळलं.

तरी बदलापूरचं काही ठरलं नव्हतं. सीमाचं रविवारी येणं तिच्या मुलाच्या तापामुळे पुढे गेलं होतं. प्रिती विषय काढत नव्हती आणि शामराव विचारत नव्हते. नूपुरच्या कपड्यांची एक पिशवी पलंगाखाली भरून ठेवलेली त्यांनी झाडताना पाहिली होती. ती त्यांनी परत तशीच आत सरकवली होती.

रजा संपली. सोमवारी सकाळी प्रिती इस्पितळात जायला निघाली. आता दुपारपर्यंत नव्हे, संध्याकाळपर्यंत. बालवाडीला त्या दिवशी सुट्टी होती. तिने डबा घेतला, ओढणी सारखी केली आणि दारात उभी राहिली.

"नूपुर, मी जाते हं."

नूपुर आजोबांच्या मांडीला पाठ टेकून बसली होती. पुढ्यात गोलांचा ढीग आणि खळीची वाटी. ते गोल एकापुढे एक चिकटवून ती काहीतरी लांबलचक करत होती. साप असावा किंवा चाळीची सगळी माणसं.

"नूपुर, आई जातेय."

"जा," नूपुर म्हणाली. वर पाहिलंच नाही. "आजोबा, हा उलटा झाला."

"थांब, सोडवू या," शामराव म्हणाले.

प्रिती थोडा वेळ थांबली. रडणं येईल, हात पुढे येईल, निदान मान तरी वळेल म्हणून. काहीच झालं नाही. मग तिने चपला घातल्या. शामरावांनी पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, ती रडलीसुद्धा नाही."

 "रडव म्हणतेस तर हसून दाखवतो," शामराव म्हणाले.

प्रिती एकदम हसली, डोळे पुसले आणि खाली गेली.

शामराव उठून कठड्याशी आले. खाली चौकात प्रिती थांबली होती आणि फोन कानाला लावून बोलत होती. चाळीचा चौकच असा की खालचं बोलणं वर येतं.

"ताई, तू नको येऊस गं... नाही, बरी आहे ती. फार बरी आहे... अगं, मीच रडतेय इथे वेड्यासारखी." मग तिने वर पाहिलं. "पिशवी? ती रिकामी करायला सांगते बाबांना."

शामरावांनी कधी कुणाला हात हलवून निरोप दिला नव्हता. गोदामातून माल जायचा, तेव्हा त्याला कोण हात हलवणार? त्यांनी कठड्यावरचा हात अर्धवट वर केला आणि तिथेच धरून ठेवला. बोटांना खळ लागली होती.

"आजोबा, या ना," आतून हाक आली. "मी एकटीच करू का सगळं?"